कलम चौदा (ग)

माझ्या गळ्यात पिवळी फीत होती,
म्हणजे मी आयोजक.
चार दिवसांच्या करारावर, रोजचे अकराशे
आणि एक वेळचं जेवण.

काम सोपं, पर्पेतुआ मॅडम म्हणाल्या.
सहाला मंडप बंद झाला की स्कूटर काढायची
आणि बघायचं, कोण कुठं परस्पर गिऱ्हाइकं जमवतो.
हॉटेलांच्या गच्च्या, किनाऱ्यावरचे शॅक, कोणाचं घरसुद्धा.
कलम चौदा (ग): प्रदर्शकाने आवाराबाहेर
कोणताही कार्यक्रम करू नये.
कार्यक्रम म्हणजे काय, तेही खाली दिलं होतं.
दहापेक्षा जास्त माणसं,
आणि खाणं, पिणं किंवा प्रात्यक्षिक.

पहिल्याच रात्री मांडवीत बोट दिसली,
बाटल्यांना लेबलं लावायची यंत्रं विकणाऱ्यांची.
दिवे, ढोल, दोनशे तरी माणसं.
मी फोन केला.
ते प्रायोजक आहेत गो, त्यांचं चालतं.
लिहिलेलं मी खोडलं नाही. नुसतं पान उलटलं.

दुसऱ्या रात्री तक्रार आली,
स्टॉल एकशे बाराची, एकशे तेराविरुद्ध.
एकशे तेरा म्हणजे पुंडलिक च्यारी, डिचोली.
तांब्याची भाणं घडवतात.
तीन बाय दोनच्या जागेत तीन भाणं,
चिंचेनं घासून इतकी लख्ख
की येणारे-जाणारे त्यात बघून केस सारखे करायचे
आणि पुढं जायचे.
भाणाला चूल लागते. मंडपात विस्तव बंद, कलम सहा.
काजूचा निरो आणायचा नाही, कलम सात.
वास येता कामा नये, हे कशातच नव्हतं,
तोंडी सांगितलं होतं.

ताळगावात, शेतांकडं उतरणाऱ्या गल्लीत
जाळ दिसण्याआधी वासच भेटायला आला.
च्यारींच्या मेहुणीचं परसू.
मी गडग्याच्या अलीकडं स्कूटर लावली आणि मोजलं.
च्यारी. त्यांचा मुलगा, हातात फुंकणी. मेहुणी.
केप्याचे दोघे भाऊ, एकमेकांशी न बोलणारे.
सावंतवाडीचा एक, सारखा भाव विचारत.
मडगावच्या हॉटेलातली एक बाई, चपला हातात घेऊन.
आणि पुण्याचे तिघे पोरगे,
ज्यांना परवाना अजून मिळायचा होता.
दहा.
पुन्हा मोजलं. दहाच.

च्यारींनी आधी फीत बघितली, मग मला.
"भितर यो गो बाय."

आत गेले असते तर अकरा.
मग तो कार्यक्रम झाला असता
आणि तो मीच केला असता.

म्हणून गडग्यावर बसले, पाय रस्त्याकडं ठेवून.
मागं च्यारी काही विकत नव्हते.
बोटाच्या पेरानं भाण वाजवत होते, थोड्या थोड्या वेळानं,
आणि म्हणत होते, ऐका, आता बदलला.
आता परत बदलला.
केप्याचा धाकटा थोरल्याला म्हणाला, ऐकलंस?
मेहुणीनं माझ्या खांद्यावरून पेला पुढं केला,
कोमट हुर्राक, मीठ, चिरलेली मिरची.
कामावर असताना प्यायचं नाही असं करारात आहे.
पेला माझ्या हातात होता,
एवढंच मी कबूल करते.

अहवालात लिहिलं: व्यक्ती दहा. कार्यक्रम नाही.
मॅडमनी न वाचता सही केली.

सकाळी ते भाण परत स्टॉलवर आलं.
चिंच लावायला वेळ कुठला मिळतो,
बूड काळंकुट्ट,
आयोजकांच्या पांढऱ्या गालिच्यावर काजळीचं कडं.
कलम नऊ, साफसफाई, आठशे रुपये.
पावती मीच फाडली.
च्यारींनी सुटे मोजून दिले, वीस-वीसच्या नोटा,
आणि भाण तिथून हलवलं नाही.

त्या दिवशी लख्ख भाणांत कोणी केस बघितले नाहीत.
लोक काळ्यापाशी थांबत होते,
बुडाला बोट लावून नाकाशी नेत होते.
एकशे बारासुद्धा.